सक्ती सुरू झाली की गाव गप्प होतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मेळघाटात नव्वदच्या दशकापासून योजनांवर योजना आल्या, तरी दर पावसाळ्यात बाळं दगावतात. लोक आजारी मूल आधी भूमकाकडे, म्हणजे गावच्या मांत्रिक-वैदूकडे नेतात, पोटावर डंबा देतात, म्हणजे तापल्या लोखंडाने डागतात, बाळंतपण घरीच करतात. समजावून सांगणं पुरे झालं, आता सरकारने सक्ती का करू नये? घरी बाळंत होणाऱ्या कुटुंबाचं रेशन आणि अनुदान थांबवावं, तीव्र कुपोषित मूल आईने नकार दिला तरी भरती करावं, भूमकावर गुन्हा नोंदवावा.

यामागचा संताप रास्त आहे. न्यूमोनियाने किंवा जुलाबाने मूल जाणं हे २०व्या शतकातच थांबायला हवं होतं. पण सुचवलेला उपाय मृत्यू कमी करणार नाही, मृत्यूंची नोंद कमी करील. का, ते नीट समजून घ्यायला हवं.

पाड्यावरचं आरोग्याचं सगळं काम घरातून आपणहून आलेल्या बातमीवर चालतं. दिवस गेल्याचं तिसऱ्या महिन्यात कळलं तर नोंदणी होते. रात्री कळा सुरू झाल्याचं शेजारणीने सांगितलं तर गाडी निघते. बाळ सकाळपासून दूध ओढत नाही हे आजीने आशाताईला सांगितलं तर वेळेत हालचाल होते. ही बातमी काढून घेण्याचं कुठलंही यंत्र सरकारजवळ नाही. सांगितल्याने रेशन जाणार, पोलीस येणार किंवा मूल उचलून नेणार असं एकदा गावात पसरलं, की बातमी थांबते. गर्भारपण सातव्या महिन्यापर्यंत झाकलं जातं, आणि बाळ जन्मून दोन दिवसांत गेलं तर ते जन्मलंच नव्हतं असं होतं.

गप्प घरंच होतात असं नाही, कर्मचारीही होतात. ज्या आरोग्यसेविकेला प्रत्येक बालमृत्यूमागे कारणे दाखवा नोटीस मिळते, तिच्या नोंदीत पहिल्या दिवशी गेलेलं बाळ ‘उपजत मृत’ होतं, कारण उपजत मृत्यू अर्भक मृत्युदरात मोजला जात नाही. अंगणवाडीत तीव्र कुपोषित मुलाचं वजन दोनशे ग्रॅमने वर सरकतं. ही लबाडी ओळखता येते. हजार वस्तीच्या आदिवासी गावात वर्षाला साधारण २० ते २५ जन्म अपेक्षित असतात. नोंदवहीत १४ असतील तर बाकीचे कुठे गेले ते शोधा. उपजत मृत्यू पहिल्या आठवड्यातल्या मृत्यूंच्या दुप्पट-तिप्पट दिसले, तर त्यातल्या प्रत्येक घरी जाऊन एकच विचारा: बाळ रडलं होतं का, हातपाय हलवले होते का? तालुक्याचा मृत्युदर एका वर्षात एकदम घसरलेला दिसला की मी आनंदाआधी ही तपासणी करायला सांगतो.

आदिवासींवरच्या सक्तीचा एक मोठा प्रयोग ऑस्ट्रेलियात झाला. जून २००७ मध्ये तिथल्या जॉन हॉवर्ड सरकारने नॉर्दर्न टेरिटरीतल्या आदिवासी वस्त्यांसाठी ‘आणीबाणी’ जाहीर केली. निमित्त होतं मुलांच्या लैंगिक शोषणावरच्या एका चौकशी अहवालाचं. त्या अहवालाच्या ९७ शिफारशींचा पाया होता आदिवासींशी खराखुरा सल्लामसलतीचा व्यवहार. सरकारने उलट केलं. ७३ वस्त्यांत लष्कराच्या मदतीने पथकं उतरली, दारू बंद झाली, सरकारी भत्त्याची अर्धी रक्कम ठरावीक वस्तूंसाठीच खर्च करता येईल अशी अडकवली गेली, आणि हे सगळं करता यावं म्हणून १९७५ चा वंशभेदविरोधी कायदा तेवढ्यापुरता बाजूला ठेवला. मुलांची वैद्यकीय तपासणी सुरुवातीला सक्तीची होणार होती. डॉक्टरांनीच विरोध केल्यावर ती ऐच्छिक झाली. तपासणीत कानाचे, दातांचे आणि त्वचेचे आजार मोठ्या संख्येने सापडले, म्हणजे जे तिथल्या दवाखान्यांना आधीपासून माहीत होतं तेच. तुटवडा होता तो कानाच्या आणि दातांच्या डॉक्टरांचा. भत्ता अडकवण्याच्या उपायाबद्दल पुढे सिडनीच्या संशोधकांना आढळलं, की तो लागू होत असताना गर्भात असलेल्या बाळांचं जन्मवजन सरासरी सुमारे १०० ग्रॅमने कमी भरलं. घरातला पैशांचा व्यवहार विस्कळीत झाला की पहिला फटका गरोदर बाईच्या ताटाला बसतो. रेशन थांबवण्याची सूचना करणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

त्याच देशातलं दुसरं उदाहरण नेमकं उलटं आहे. मध्य ऑस्ट्रेलियात तरुण मुलं पेट्रोल हुंगून मेंदू गमावत होती. तिथल्या आदिवासी समाजातूनच मागणी आली, आणि २००५ पासून त्या भागातल्या पंपांवर नशा न चढवणारं, ॲरोमॅटिक रसायनं (नशा आणणारे घटक) कमी असलेलं ओपल पेट्रोल मिळू लागलं. हुंगण्याचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. सक्ती इथेही होती, पण ती पंपावर आणि पुरवठ्यावर होती. कुणाचा भत्ता कापला नाही, कुणाच्या घरात शिपाई शिरला नाही. आपल्याकडे आयोडीनयुक्त मिठाचं असंच आहे. सरकारने जोर कुठे लावावा याची माझी कसोटी हीच आहे: पुरवठादारावर, ठेकेदारावर आणि स्वतःच्या यंत्रणेवर लावा, आईच्या अंगावर आणि चुलीवर लावू नका.

आता सुचवलेले तीन उपाय एकेक करून बघू.

रेशन आणि अनुदान. रेशन २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. बाळंतपण कुठे झालं याच्याशी तो जोडता येत नाही. मातृवंदना योजनेच्या पैशांना तर आधीच अटी आहेत, आणि त्या अटींनीच सगळ्यात धोक्यातली बाई बाहेर राहते. ही मदत पहिल्या अपत्याला मिळते, दुसऱ्यासाठी ती मुलगी असेल तरच. रक्तक्षय घेऊन चौथ्यांदा बाळंत होणारी, दोन मुलांत जेमतेम दीड वर्षाचं अंतर असलेली बाई त्यात बसत नाही. आधार, बँक खातं आणि त्यांची जोडणी या तिघांत कुठेतरी नावाचं एक अक्षर चुकलं की पैसा अडकतो. नवीन अट घालण्यापेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्यातून एक दिवस बँकमित्र आणि आधारवाला एकत्र बसवा. अडकलेल्या रकमांची यादी अंगणवाडीच्या भिंतीवर लावा, नावापुढे अडचण काय तेही लिहा.

तीव्र कुपोषित मूल उचलून भरती करणं. इथे वैद्यकीय बाजूच आधी तपासू. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी, किंवा उंचीच्या मानाने वजन फारच कमी, किंवा दोन्ही पायांवर दाबल्यावर खळगा राहणारी सूज, ही तीव्र कुपोषणाची खूण. यातल्या बहुतेक मुलांना भरतीची गरज नसते. भूक चाचणी घ्या: शांत जागी आईच्या मांडीवर बसवून उपचाराचा आहार द्या आणि मूल आवडीने खातं का ते बघा. खात असेल, ताप, सूज, धाप, जुलाब काही नसेल, तर अंगणवाडीतल्या ग्राम बाल विकास केंद्रात त्याच्यावर गावातच उपचार होतात. भरती लागते ती न खाणाऱ्या आणि गुंतागुंत झालेल्या मुलांना. सरसकट उचलाउचल केली की पोषण पुनर्वसन केंद्राच्या खाटा खेळत्या मुलांनी भरतात आणि खरं धोक्यातलं मूल घरी राहतं.

भरती झालेली आई चौथ्या-पाचव्या दिवशी मूल घेऊन निघून जाते, याला अडाणीपणा म्हणणं सोपं आहे. पहिल्या टप्प्यात त्या मुलाला पातळ दूध, ज्याला एफ-७५ म्हणतात, दर दोन तासांनी मोजून थोडंथोडं द्यावं लागतं, रात्रीसुद्धा. एकदम भरपूर खाऊ घातलं तर खंगलेलं हृदय ते पेलत नाही आणि मूल दगावू शकतं. आईला यातलं काही सांगितलेलं नसतं. तिला दिसतं एवढंच, की घरी भाकरी होती आणि इथे माझं मूल अर्ध्या वाटीवर ठेवलंय. किमान १४ दिवस राहायचं, पेरणी किंवा निंदणी तोंडावर, घरी आणखी दोन मुलं, आणि कोरकूत बोलणारं वॉर्डात कुणी नाही. कोरकू ही मेळघाटातल्या आदिवासींची मुंडा कुळातली भाषा, मराठी-हिंदीशी तिचं नातं नाही. म्हणून मागे राहिलेल्या मुलांना अंगणवाडीत दिवसभर जेवण, आईला बुडीत मजुरी दर आठवड्याला रोख, सोबतच्या माणसाला जेवण, आणि रात्रपाळीला कोरकू बोलणारी मदतनीस द्या. चार गोष्टी झाल्या की पळून जाणं कमी होतं. यातली एकही सक्तीने साधत नाही.

मोठ्या दवाखान्यात पाठवण्याबद्दल आणखी एक गोष्ट, जी बैठकांत फारशी निघत नाही. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, वाट घाटाची. १०८ ची गाडी नेते, पण मूल तिथे दगावलं तर त्याला घरी कसं आणायचं हा प्रश्न बापाच्या मनात निघतानाच असतो. एक वर्षाखालच्या आजारी बाळाला नेणं-आणणं फुकट, ही तरतूद २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे. परतीची गाडी, आणि वेळ आलीच तर मृतदेहासाठीचीसुद्धा, दवाखाना देईल असं वैद्यकीय अधिकाऱ्याने घरच्यांना निघण्यापूर्वी आपल्या तोंडाने सांगावं. ‘नाही येत’ म्हणणारी कितीतरी घरं एवढ्यावर गाडीत बसतात.

डंबा आणि भूमका. पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाने डागणं ही मुलावरची हिंसा आहे, त्याचं समर्थन परंपरेच्या नावाने होऊ शकत नाही. पण ज्याला गाव पोटफुगी म्हणतं, ती पुष्कळदा न्यूमोनियातली धाप असते. श्वासाबरोबर पोट वरखाली जोरात हलतं, छातीच्या फासळ्यांखाली खड्डा पडतो. आजी गुन्हेगार नसते, तिने आजार ओळखलेला असतो, फक्त जागा चुकते. तिच्याच ओळखीचा उपयोग करून घ्यायचा: पोट असं हललं की डंब्याआधी आशाला हाक. आशाने पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचा, अर्ध्या मिनिटाची दुप्पट करायची नाही. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त म्हणजे जलद श्वास. दोन महिन्यांवरच्या मुलाला फक्त जलद श्वास असेल तर अमॉक्सिसिलिन तिथेच सुरू. छाती आत ओढली जात असेल, मूल पीत नसेल किंवा दोन महिन्यांखालचं असेल, तर दवाखाना. औषधाची बाटली आशाच्या पिशवीत नसेल तर हे सगळं व्याख्यान फुकट आहे, आणि पावसाळ्यात ती नसते हेच पुष्कळदा खरं दुखणं असतं.

पैसे घेऊन पुन्हापुन्हा डागणाऱ्यावर गुन्हा जरूर नोंदवा. आईवर किंवा आजीवर नोंदवलात, तर पुढचं डागलेलं बाळ जखम पिकेपर्यंत कुणाला दिसणार नाही. भूमकाशी बोलणं वेगळं ठेवा. त्याची पूजा त्याच्याकडे राहू द्या, त्याने फक्त रुग्ण अडवून ठेवायचा नाही. त्याने पाठवलेल्या माणसाला दवाखान्यात रांगेत ताटकळत ठेवलं तर तो पुन्हा पाठवत नाही.

घरच्या बाळंतपणाविषयी माझं मत स्पष्ट आहे: दवाखाना जास्त सुरक्षित, आणि तरीही घरी बाळंत होणारीला सेवा नाकारायची नाही. आरोग्य केंद्राच्या आवारातल्या माहेरघरात बाई दिवस भरण्याआधी येऊन राहू शकते. ती येते तेव्हा, जेव्हा सासू किंवा आई सोबत राहते, स्वतःची चूल मांडता येते आणि लहान मूल बरोबर चालतं. तरीही काही जणी घरीच बाळंत होतील. त्यांच्यासाठी आशाकडे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या तीन गोळ्या हव्यात. बाळ बाहेर आल्यावर पोट चाचपून दुसरं बाळ नाही याची खात्री करायची, मगच द्यायच्या. जुळं आत असताना दिल्या तर गर्भाशय फाटू शकतं.

घरीच जन्मलेल्या बाळाला घरीच वाचवता येतं, याचा पुरावा महाराष्ट्रानेच जगाला दिला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, ऊब देणं, जंतुदोष ओळखून इंजेक्शन देणं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला, आणि २०११ पासून हीच पद्धत देशभरात आशांमार्फत आली. तिथे घरोघरची दारं उघडली कारण शिरणारी बाई गावातली होती. आज या कार्यक्रमात भेटी ठरलेल्या आहेत: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ वा दिवस, घरी जन्म असेल तर पहिल्या दिवशीही. चूक होते ती अशी, की सहाही भेटी एका बैठकीत भरल्या जातात. पर्यवेक्षिकेने नोंदवही बघू नये, आईला विचारावं: ताईने बाळाचं वजन कशात केलं? काटा घरात आला असेल तर आई लगेच सांगते.

याच्या उलट बाजूने येणारा आग्रहही तपासायला हवा: आदिवासींना त्यांच्या पद्धतीने जगू द्या, सरकारने लांब राहावं. अंदमानच्या जारवांच्या बाबतीत ते बरोबर आहे. बाहेरच्यांचा वावर वाढल्यावर १९९९ मध्ये त्यांच्यात गोवर पसरला, आणि २००४ च्या धोरणाने त्यांच्या जगण्यात कमीत कमी ढवळाढवळ हेच सूत्र ठरवलं. पण कोरकू, माडिया, कातकरी, भिल्ल यांच्या जंगलात सरकार केव्हाच शिरलेलं आहे: वनखातं, व्याघ्रप्रकल्प, ठेकेदार आणि दारूचं दुकान घेऊन. आरोग्याच्या वेळीच मागे हटणं म्हणजे संस्कृतीचा आदर नव्हे, ते दुर्लक्ष आहे.

आणि आदिवासींच्या शरीराचा निर्णय परस्पर घेण्याचा इतिहास आपल्याकडे आहे. बैगांसारख्या अतिमागास गणलेल्या जमातींची संख्या घटते म्हणून मध्य प्रदेश सरकारने १९७९ च्या आदेशाने त्यांच्या नसबंदीवर बंदी घातली. ज्या बैगा बाईला स्वतःहून शस्त्रक्रिया हवी होती तिलाही ती नाकारली गेली, आणि त्याच पट्ट्यात २०१४ च्या बिलासपूरच्या नसबंदी शिबिरांत बायका मेल्या. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस चाचणी म्हणून दिली, तेव्हा वसतिगृहात राहणाऱ्या मुलींच्या संमतीपत्रांवर अधीक्षकांच्या सह्या होत्या. आश्रमशाळेतल्या कुठल्याही तपासणीसाठी म्हणूनच नियम करा: पालकाची संमती, त्याच्या भाषेत, आणि मुख्याध्यापकाची सही तिच्या जागी चालणार नाही.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीत हा मुद्दा आज सगळ्यात जिवंत आहे. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, उद्दिष्ट ७ कोटी लोकांच्या तपासणीचं. विरघळण्याची साधी चाचणी होकारार्थी आली तरी वाहक आणि रुग्ण यांत फरक कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली चाचणी लागते. हा दुसरा निकाल येण्याआधी गावात नाव फुटलं तर मुलीचं लग्न मोडतं, आणि ती निरोगी वाहक असू शकते. निकाल बंद पाकिटात आणि समुपदेशकाच्या तोंडून द्या, वर्गात कार्ड वाटू नका. दोन्ही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, हे आकडा सांगून नव्हे, चार बिया हातात ठेवून समजतं. आणि ज्या आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सीयुरिया, फॉलिक ॲसिड आणि रक्तपेशी मोजण्याची सोय नाही, तिथे तपासणीची मोहीम आधी नेऊ नका. आजाराचं नाव देऊन उपचार न देणं हा मोठा अन्याय आहे.

निर्णय गावाकडे कसा द्यायचा, याचा कायदाही आपल्याजवळ आहे. धारणी आणि चिखलदरा हे अनुसूचित क्षेत्र आहे. १९९६ च्या पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्याने तिथे मादक पदार्थांच्या नियंत्रणापासून सामाजिक सेवेतल्या संस्था-कर्मचाऱ्यांवर देखरेखीपर्यंतचे अधिकार ग्रामसभा आणि पंचायतीकडे येतात, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे आहेत. दारूचा निर्णय यातूनच व्हावा, आणि पूजेसाठी लागणारी मोहाची दारू व बाहेरून येणारी विक्रीची दारू यांत फरक ग्रामसभेनेच करावा.

बैठकीची वेळ चुकली तर ग्रामसभा कागदावरच राहते. दिवाळीनंतर मेळघाटातली बरीच घरं कामासाठी खाली उतरतात आणि होळीला परततात, कारण कोरकूंचा तो सगळ्यात मोठा सण. होळीनंतरचे दोन आठवडे म्हणजे सगळं गाव घरात. गरोदर बायकांची आणि मुलांची मोजणी तेव्हाच करा. ग्रामसभेआधी बायकांची सभा पाड्यावर घ्या, कारण पंचायत कार्यालयातल्या सभेत त्या बोलत नाहीत. या सभेत वैद्यकीय अधिकाऱ्याने गेल्या वर्षीचा प्रत्येक बालमृत्यू नाव न घेता मांडावा: दवाखान्याकडून काय चुकलं ते आधी, गावाकडून काय चुकलं ते नंतर. ग्राम आरोग्य समितीच्या दरवर्षीच्या १०,००० रुपयांच्या मुक्त निधीतून पावसाळ्यात रात्रीची गाडी कुणाची आणि भाडं किती, ते तिथेच ठरवून भिंतीवर लिहावं. मग १५ जूनच्या आत, पूल बुडण्याआधी, तीन महिन्यांची औषधं पाड्यावरच्या आशाकडे पोचली पाहिजेत. ती पोचली नाहीत तर कारणे दाखवा नोटीस तालुक्याच्या औषध भांडाराला जावी, आशाला नव्हे.